आजीच्या भरवशावर चाललेली शहरं

ठाण्यातलं एखादं तरुण जोडपं लहान मूल घेऊन सिंगापूरला किंवा टोकियोला निघालं, की नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात, 'आणि बाळाला कोण बघणार?' बहुतेक घरांत उत्तर आधीच ठरलेलं असतं. आई जाईल तीन महिने, मग सासूबाई जातील, पुढचं पुढे बघू. हेच जोडपं घोडबंदर रोडला फ्लॅट घेऊन इथेच राहिलं असतं तरी प्रश्न हाच होता आणि उत्तरही हेच. फरक फक्त विमानाच्या तिकिटाचा.

मी अशीच एक आजी. बँकेतून निवृत्त झाले, पाचपाखाडीत राहते. मुलगी सिंगापूरला, मुलगा नवी मुंबईत ऐरोलीला. दोन्हीकडची नातवंडं मी सांभाळली आहेत आणि आनंदाने सांभाळली आहेत. तरीही माझं ठाम मत आहे की दीड-दोन वर्षांचं मूल आजीच्या गुडघ्यांवर सोपवून मोकळं होणं कुठल्याही शहराला शोभत नाही. ठाणे आणि नवी मुंबईच्या महापालिकांनी प्रभागाप्रभागात पाळणाघरं काढली पाहिजेत. पाणीपुरवठा जसा पालिकेचा, तसंच हेही काम पालिकेचं.

आधी आपल्याकडचा कायदा बघू. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी आईला 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. पूर्वी ती 12 आठवडे होती, तेव्हा ही मोठीच सुधारणा. बापाचं काय? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला 15 दिवस आणि खाजगी कंपनीतल्याला कायद्याने एकही नाही. रजा संपते तेव्हा मूल जेमतेम सहा महिन्यांचं असतं. अंगणवाडी योजना 1975 पासून आहे, कागदावर सहा वर्षांपर्यंतची सगळी मुलं तिच्या कक्षेत येतात, पण अंगणवाडीत प्रत्यक्ष जाऊन बसतात ती तीन वर्षांवरची, आणि तीही काही तासांपुरती. त्याखालच्या बाळांसाठी घरी न्यायचा शिधा मिळतो. म्हणजे सहा महिने ते तीन वर्षं हा काळ सगळ्या व्यवस्थांनी मोकळा सोडून दिलाय. याच काळात मूल रांगतं, धावतं, सापडेल ते तोंडात घालतं, गॅलरीच्या गजांवर चढतं. त्याच्यावरून क्षणभर नजर हटवता येत नाही असा हाच काळ, आणि सरकारदरबारी याचा वाली कोणी नाही.

पाळणाघराची तरतूद कायद्यात नाही असं नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात ती होतीच. तीसहून अधिक स्त्रिया कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, असा तो नियम होता. 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं केलं, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावं असंही म्हटलं. पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही हे आलं. पण यातली गोम अशी की पाळणाघर नोकरीच्या जागी. माझी सून ऐरोलीहून वांद्रे-कुर्ला संकुलात जाते. सकाळच्या गर्दीत वर्षाचं मूल कडेवर घेऊन तिने लोकल बदलायची का? आणि दुकानात, दवाखान्यात, दहा माणसांच्या ऑफिसात, कंत्राटी साफसफाईला जाणाऱ्या हजारो जणींना तर हा कायदा शिवतही नाही. पाळणाघर घराजवळ हवं, नाहीतर स्टेशनाजवळ हवं. ते मालकाच्या गळ्यात बांधलं की मालक बायकांना कामावर घेतानाच दहा वेळा विचार करतो. बँकेत असताना भरतीच्या वेळी हा विचार लोकांच्या चेहऱ्यावर मी वाचलेला आहे.

राहता राहिली खाजगी पाळणाघरं. काही फार चांगली आहेत, हे मुद्दाम सांगते. आमच्या भागातली एक बाई स्वतःच्या दोन खोल्यांत पंचवीस वर्षं मुलं सांभाळते आहे आणि तिच्याकडची मुलं मोठी होऊन लग्नाची पत्रिका द्यायला येतात. पण तुम्हाला अशी बाई मिळणं हा नशिबाचा भाग. 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातली सीसीटीव्हीची दृश्यं सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिली. दहा महिन्यांच्या मुलीला तिथली आया मारत होती. चार दिवस सगळे हळहळले. त्यानंतर ठाण्या-नवी मुंबईतल्या कितीतरी आज्यांनी आपल्या निवृत्तीचे बेत गुंडाळून ठेवले, कारण लेकी-सुनांनी एकच वाक्य म्हटलं, 'त्यापेक्षा तूच ये ना गं.' त्या लेकी-सुनांना मी दोष देत नाही. ज्या शहरात उपाहारगृहाचं स्वयंपाकघर तपासायला माणूस येतो आणि तान्ह्या मुलांची खोली तपासायला कोणी फिरकत नाही, तिथे लेकींनी दुसरं काय करावं?

आता सिंगापूरचं सांगते. तिथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या, इमारतींचा तळमजला बहुतेक ठिकाणी मोकळा ठेवलेला असतो. मुलीच्या इमारतीखाली त्याच मजल्यावर पाळणाघर आहे. सकाळी सातला दार उघडतं, संध्याकाळी सातला बंद होतं. नातवाला सोडायला मी जायची. दारात एक बाई खाली बसून प्रत्येक मुलाचा ताप बघायची, मग दोन्ही तळहात उलटेपालटे करून बघायची, मग 'आ' करायला लावून तोंडात बॅटरीचा उजेड पाडायची. तिकडे लहान मुलांत हाता-पायांवर आणि तोंडात फोड येण्याची साथ असते, तिच्यासाठी ही तपासणी. फोड दिसला की मूल परत घरी. काही दिवसांतच आमचा दीड वर्षाचा बाळ आपली पाळी यायच्या आधीच तळहात पुढे करून उभा राहायला लागला.

हे त्या एका बाईच्या चांगुलपणावर चालत नाही, यासाठी मी ते सांगते आहे. अर्ली चाइल्डहुड डेव्हलपमेंट एजन्सी नावाच्या सरकारी यंत्रणेचा परवाना असल्याशिवाय तिथे पाळणाघर उघडता येत नाही. दीड वर्षाखालची पाच बाळं असतील तर एक सांभाळणारी, दीड ते अडीच वर्षांची आठ असतील तर एक, असं प्रमाण नियमात आहे. बाहेर पडलं तरी मूल सोबत आहे हे शहराला ठाऊक असतं. 2017 पासून बाबागाडी न मिटता सार्वजनिक बसमध्ये चढवता येते. जुन्या इमारतींत लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे, तर 2001 पासून ती प्रत्येक मजल्यावर नेण्याचं काम सरकारने हाती घेतलं. इकडे ऐरोलीच्या नातीला मी घरापासून बागेपर्यंत नेते तेव्हा बाबागाडी घरीच ठेवते. फुटपाथ गुडघ्याएवढा उंच, दर वीस पावलांवर उतार तुटलेला, त्यावर मोटारसायकली. नवी मुंबई तर आखून वसवलेली. सिडको 1970 मध्ये स्थापन झाली, सेक्टरागणिक बाग ठेवली गेली, आणि त्या बागा आजही आहेत. बागेपर्यंत दोन वर्षांच्या मुलाला चालत जाता यावं, हे मात्र कोणी बघितलं नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला तर मुलाला कडेवरून खाली ठेवायची सोयच नाही.

शहरनियोजनात 'अर्बन 95' नावाचा एक उपक्रम आहे, पुणे महापालिकाही त्यात सहभागी झाली होती. निरोगी तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण 95 सेंटिमीटर; त्या उंचीवरून शहर कसं दिसतं ते बघा, असं त्याचं सांगणं. ज्याने ठाण्याच्या फुटपाथवरून त्या वयाच्या मुलाला नेलंय त्याला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

पण सिंगापूरचं गुणगान इथेच थांबवते, कारण तिथेही शेवटी आजीच लागते. पाळणाघराच्या शुल्कातली सरकारी सवलत तिथल्या नागरिकांच्या मुलांना. माझी मुलगी पूर्ण पैसे भरते. नागरिक मुलाच्या बापाला एप्रिल 2025 पासून चार आठवड्यांची रजा सरकार देतं, ती माझ्या जावयाला लागू नाही. मुलाला ताप आला की पाळणाघर घेत नाही, आणि पहिल्या वर्षात तो सारखाच येतो. मग दोघांपैकी कोणीतरी रजा टाकायची, नाहीतर ठाण्याला फोन. संध्याकाळी इमारतीखालच्या खेळाच्या जागेवर गेलं की आम्ही सगळ्या भेटतो. कोथरूडच्या, डोंबिवलीच्या, विजयवाड्याच्या, मदुराईच्या. हातात मऊ वरणभाताची वाटी, घास घेऊन घसरगुंडीभोवती मुलामागे पळणं चाललेलं, आणि एकमेकींना विचारायचं, 'तुमचा पास कधी संपतो?' आई-वडिलांना दीर्घ मुदतीचा परवाना हवा असेल तर मुलाचा किंवा मुलीचा ठरलेला मासिक पगार किमान 12,000 सिंगापूर डॉलर लागतो. जोडीदाराला आणि मुलांना सोबत ठेवायला 6,000 पुरतात. तेवढा पगार नसलेल्यांच्या आया भेटीच्या पासवर पाळीपाळीने येतात. एक व्याही मंडळी उतरतात, दुसरी विमानतळावर निघतात. घरी राहिलेल्या आजोबांच्या गोळ्या, शेजारणीकडे दिलेली किल्ली, अर्धवट सोडलेलं गुडघ्याचं फिजिओ, या सगळ्याची चर्चा त्या घसरगुंडीजवळ होते, आणि 'पण बाळासाठी यायलाच हवं ना' या वाक्यावर मिटते.

त्याच जागेवर थोड्या अंतरावर दुसऱ्या बायका बसलेल्या असतात. इंडोनेशिया, फिलिपिन्स, म्यानमारहून आलेल्या, घरात राहून काम करणाऱ्या. आठवड्याची सुट्टी त्यांच्यासाठी 2013 पासून कायद्यात आली, त्याआधी तीही नव्हती. यांपैकी एकीशी माझी तोडक्यामोडक्या इंग्रजीत ओळख झाली. ती जावा बेटावरच्या एका गावची. सांभाळत होती ते मूल दोन वर्षांचं आणि तिचं स्वतःचं तीन वर्षांचं. 'त्याला कोण बघतं?' मी विचारलं. 'माझी आई,' ती म्हणाली आणि फोनवरचा फोटो दाखवला. माझ्याच वयाची बाई, कडेवर मूल, मागे केळीचं झाड.

ठाण्याला परतल्यावर मी आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईकडे नव्या नजरेने बघितलं. ती मानपाड्याच्या वस्तीतून येते. हिरानंदानी इस्टेटमध्ये एका डॉक्टर जोडप्याचं बाळ सांभाळते, मग आमच्याकडे पोळ्या करते. तिची धाकटी दीड वर्षाची. आजी गावाला, भात लावणीला. मग धाकटीला सांभाळते तिची नऊ वर्षांची थोरली, आणि त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा तिची शाळा बुडते. पाळणाघर नसण्याची किंमत शेवटी कोण मोजतं, ते इथे दिसतं. माझी मुलगी विमानाचं तिकीट काढते. सून मला ऐरोलीला बोलावते. डॉक्टर बाई पैसे देऊन माणूस ठेवते. जिला यातलं काहीच शक्य नाही ती हा भार चौथीतल्या पोरीवर टाकते. म्हणून 'आम्ही आमच्या घरात बघून घेऊ' हे मध्यमवर्गाचं म्हणणं मला पटत नाही. आपण बघून घेतो ते दुसऱ्या कोणाच्या तरी घरातलं माणूस उचलून.

जपानचं माझं ज्ञान भाच्यामुळे. तो टोकियोत निशी-कासाई भागात राहतो. एदोगावा वॉर्डातला हा भाग भारतीय कुटुंबांनी गजबजलेला आहे. याच वॉर्डाच्या सभेवर 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून गेला. जपानमध्ये परका देश, परकी लिपी, शेजारी अबोल. तरी भाच्याची बायको सांगते की तिथे मूल वाढवताना एकटं वाटलं नाही, आणि याचं श्रेय ती स्थानिक कार्यालयाला देते. गरोदरपणाची नोंद करायला गेली तेव्हा तिला माता-बालकाची वही मिळाली. नागरिकत्व कुणी विचारलं नाही. तपासण्या, लसी, वजन, दात, सगळं त्या एका वहीत. पाळणाघर, तिकडचं होइकुएन, तिथेही अर्ज स्थानिक कार्यालयातच करायचा. दोघांच्या नोकरीचे दाखले जोडायचे, त्यावरून गुण आणि गुणांवरून प्रवेश. तीन वर्षांखालच्या मुलाचं शुल्क टोकियोत 2025 पर्यंत आईबापांच्या उत्पन्नावर ठरायचं, आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांचं शुल्क ऑक्टोबर 2019 पासून माफ आहे, परदेशी मुलांनाही. जाच नाही असं नाही. प्रत्येक डायपरवर नाव लिहून द्यायचं आणि वापरलेला परत घरी न्यायचा, अशी पद्धत कितीतरी होइकुएनमध्ये होती. रोजच्या वहीत किती वाजता झोपला, काय खाल्लं, शी कशी झाली, ते घरच्यांनी आणि बाईंनी दोघांनीही लिहायचं. पण बाळाने दिवसभरात काय खाल्लं हे सांगणारं सरकारमान्य माणूस आईला रोज भेटतं, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आणि तिथलीच एक तरतूद मला विशेष वाटते. परदेशी नोकरदाराला आई-वडिलांना सोबत ठेवायला जपान सहसा परवानगी देत नाही. अतिकुशल व्यावसायिकाच्या व्हिसावर मात्र देतं, घरचं वार्षिक उत्पन्न 80 लाख येन असेल आणि सात वर्षांखालचं मूल सांभाळायचं असेल तर. सिंगापूरमध्ये तर आजी-आजोबा नागरिक असलेलं नातवंड सांभाळत असतील तर नोकरी करणाऱ्या आईला 3,000 डॉलरची करसवलत मिळते. आजी करते ते काम आहे, हे या दोन सरकारांनी निदान लिहून ठेवलं. आपण त्याला माया म्हणून मोकळे होतो.

माया आहेच. नातवाच्या अंगाला तेल लावताना, त्याला 'ये गं ये गं सरी' म्हणताना जे मिळतं ते मला दुसरं कुणी देऊ शकत नाही. सिंगापूरच्या नातवाच्या तोंडी मराठी आहे ती आमच्यामुळे, पाळणाघरातल्या बाईंमुळे नाही. याच आधारावर लोक मला विचारतात, मग संस्कारांचं काय, पाळणाघरात आजीचे संस्कार मिळतील का? मी म्हणते, दुपारी चारला ताजीतवानी आलेली आजी गोष्ट सांगते. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत अकरा किलोचं मूल उचलून दमलेली आजी त्याच्या हातात मोबाइल देते. संस्कारांची ज्यांना खरी काळजी आहे त्यांनी आजीला अर्धवेळ करावं. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ बघा, आजोबांची संख्या जास्त का असते? आज्या घरी मूल धरून बसलेल्या असतात म्हणून.

'पालिकेच्या पाळणाघरात कोण मूल ठेवणार?' हा दुसरा प्रश्न, आणि त्यात पालिकेविषयीचा जुना अविश्वास आहे. तो मी समजू शकते. पण दिव्यांग मुलांसाठी नवी मुंबई महापालिका वाशीत ईटीसी केंद्र चालवते. प्रशिक्षित शिक्षक, उपचारतज्ज्ञ, आणि सगळ्या स्तरांतले पालक तिथे आपलं मूल विश्वासाने पाठवतात. ज्या मुलांना सगळ्यात जास्त जपावं लागतं त्यांना जपण्याचं काम हीच महापालिका करू शकते, तर दीड वर्षाच्या धडधाकट मुलांना जपणं तिच्या आवाक्याबाहेरचं कसं? केंद्राची पाळणा योजना 2022 पासून अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढायला पैसे देते. तिथून सुरुवात करता येईल. मात्र सांभाळणाऱ्या बाईला मानधन नावाची चिल्लर हातावर ठेवून हे चालणार नाही. तिला पगार हवा, प्रशिक्षण हवं, आणि पाच बाळांवर एक हे प्रमाण इथेही लिखित हवं. शुल्क उत्पन्नाप्रमाणे घ्या. माझ्या सुनेने पूर्ण भरावं, आमच्या पोळ्यावाल्या बाईने नाममात्र, आणि दोघींची मुलं एकाच चटईवर झोपावीत.

जागेचं रडगाणं नवी मुंबईने तरी गाऊ नये. वाशी, बेलापूर यांसारख्या स्टेशनांच्या डोक्यावर सिडकोने बांधलेली मोठाली व्यापारी संकुलं आहेत. त्यांतला एकेक गाळा पाळणाघराला द्या. ऐरोलीची सून तिथे मूल सोडेल आणि जिना उतरून लोकल पकडेल. ठाण्यात मोठ्या गृहसंकुलांनी सोयीसुविधांसाठी सोडलेल्या जागा पालिकेच्या ताब्यात येतात. त्यांवर आणखी एक व्यायामशाळा उभी करण्याआधी प्रभागात पाळणाघर आहे का, हे विचारलं जावं. वेळ सकाळी सात ते रात्री आठ हवी, कारण सहाला कार्यालय सुटलेली बाई सातला ठाण्यात पोहोचत नाही. खाजगी पाळणाघरांची नोंदणी आणि वर्षातून दोनदा न सांगता तपासणी याच खात्याने करावी, आणि तपासणीचा निकाल दारावर लावावा. मानपाड्याच्या वस्तीजवळ पहिलं पाळणाघर निघालं तर आमच्या बाईची थोरली सोमवारपासून शाळेत जाईल. मी चौकशी केली आहे, तिचं नाव अजून पटावर आहे.